लेकरांची वाट : मोबाइलवर भरलेली डॉक्टरकीची जत्रा

आषाढातला रविवार. पाऊस चांगला लागलेला, धानाची रोवणी अंगावर आलेली, बाया मिळता मिळत नव्हत्या, आणि अशा धांदलीत शेजारच्या घरून निरोप आला, "बाई, अकरा वाजता घरी येऊन जा जी. पोरगी म्हणते मोबाइलवर कॉलेजांची जत्रा भरणार आहे. मले त्यातलं काही समजत नाही."

शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, पण पारशिवनीत अजून 'बाई' हीच माझी ओळख आहे, त्यामुळे अशी बोलावणी येतात. गेले. ओसरीत खाटेवर बाप बसलेला, चिखलाचे पाय धुऊन नुकताच आलेला. माय चुलीपाशी, पण कान इकडे. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला, चार्जरची वायर खिडकीतून ओढलेली, आणि पोरगी वही घेऊन समोर. बारावी झाली होती, नीटची परीक्षा दिली होती, निकालात 'पात्र' असे लिहून आले होते. त्या एका शब्दावर घर पंधरा दिवस हवेत होते.

अकरा वाजता पडदा उघडला. चार देशांची अकरा कॉलेजे, प्रत्येकाची एकेक खोली. बोट लावले की आपण त्या खोलीत. प्रत्येक खोलीत टाय बांधलेला एक गृहस्थ, त्याच्या पाठीमागे मोठ्या इमारतीचे चित्र. बोलणे मात्र शुद्ध मराठीत, नागपुरी वळणाचे. "ताई, तुमचे गुण फार छान आहेत. आपल्याकडे सहा वर्षांत डॉक्टर. कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त. वसतिगृहात भारतीय जेवण. दोनच जागा शिल्लक आहेत, आज ५० हजार टोकन भरले तर जागा पक्की." बापाने एकूण खर्च विचारला. गृहस्थाने आकडा सांगितला. बाप गप्प झाला. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कालव्याजवळचं दोन एकर वावर काढलं तर होते, बाई."

मी कागदावर लिहून दिलेला एक प्रश्न पोरीने विचारला, तो कोणता ते पुढे सांगते. गृहस्थ म्हणाला, आवाज नीट येत नाही, मी नंतर फोन करतो. आवाज आम्हाला तरी स्वच्छ येत होता.

वाचकहो, असे मेळावे २०२० च्या टाळेबंदीपासून घरोघरच्या मोबाइलवर येऊ लागले. पूर्वी नागपूरला एखाद्या हॉटेलात भरत, भाडे खर्चून जावे लागे. आता घरबसल्या दिसतात, पैसा लागत नाही, पोरींनाही बापासोबत बसून ऐकता येते. ही सोय वाईट नाही. मी मेळाव्याच्या विरुद्ध नाही. पण आपल्याकडे म्हण आहे ना, पाण्यात म्हैस आणि वर मोल. तसला हा बाजार आहे, म्हणून त्यात कसे उतरावे एवढेच आज बोलायचे आहे.

बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात पाहतो, दुदाती की चौसा ते पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमल्यास जू खांद्यावर ठेवून पाहतो. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करतो तेव्हा तो कोणाचा माणूस आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मोबाइलवरच्या जत्रेत नेमके तेच कळत नाही. अमेरिकेत तेथील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना असा ऑनलाइन मेळावा भरवते. तिथे समोर कॉलेजच्या प्रवेश विभागाची माणसे बसतात, विद्यार्थी थेट त्यांनाच विचारतो आणि अर्ज पुढे ठरलेल्या पद्धतीने वेगळा करतो. आपल्याकडच्या मेळाव्यात समोर बसलेला पुष्कळदा एजंट असतो. त्याला प्रत्येक मुलामागे कमिशन मिळते. कमिशन घेणे काही चोरी नाही, अडतीवरही अडत्या घेतोच. पण पहिला प्रश्न तोच विचारायचा : आपण कॉलेजचे नोकर की एजन्सीचे? नाव, हुद्दा आणि कॉलेजचा ईमेल पत्ता सांगा. एवढ्यानेच अर्ध्या खोल्या शांत होतात.

मेळाव्याला बसण्याआधी मात्र घरचा हिशेब घरी झालेला हवा. 'पात्र' या शब्दाने फार घरांची फसगत होते, म्हणून तो आधी समजून घ्या. नीटचे एकूण गुण ७२०. २०२५ साली खुल्या गटात १४४ गुणांना मुलगा पात्र ठरला, आणि इतर मागास, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी ती रेषा ११३ वर होती. म्हणजे पात्रता ही दारात उभे राहण्याची परवानगी झाली. शासकीय कॉलेजात जागा मिळण्यासाठी लागणारे गुण याच्या कितीतरी पट असतात. एजंट 'तुम्ही नीट पास आहात' असे म्हणतो ते खोटे नसते, पण त्याचा जो अर्थ आपण घेतो तो खरा नसतो. मागील वर्षी आपल्या प्रवर्गात कोणत्या कॉलेजची यादी किती गुणांवर थांबली, हे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या याद्यांत पाहायला मिळते. ती यादी काढून आपल्या गुणांखाली रेघ मारा आणि मगच जत्रेत शिरा.

जागांची वाटणी अशी आहे. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी असतात, त्या दिल्लीची केंद्रीय समुपदेशन समिती भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याचा कक्ष भरतो. नागपूरचे १९४७ चे शासकीय महाविद्यालय, ज्याला आपण सारे नुसते 'मेडिकल' म्हणतो, आणि १९६८ चे इंदिरा गांधी महाविद्यालय, म्हणजे आपले 'मेयो', या दोन्हीकडे हीच रीत. अलीकडे चंद्रपूर आणि गोंदिया येथेही शासकीय महाविद्यालये झाली. मिहानमधील एम्सच्या सगळ्या जागा केंद्रीय समितीकडून भरतात, अभिमत विद्यापीठांच्याही. सेवाग्रामला गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेले कॉलेज आहे. तिथली मुले शिकता शिकता खेड्यात शिबिराला जाऊन राहतात. पूर्वी तिथे प्रवेशासाठी गांधीविचाराचा वेगळा पेपर असे, आता तिथेही नीटच.

या सर्वांतून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. देशातली एमबीबीएसची कोणतीही जागा, खाजगी कॉलेजातली व्यवस्थापन कोट्याचीसुद्धा, नीटच्या गुणांशिवाय आणि ठरलेल्या समुपदेशनाशिवाय भरत नाही. तेव्हा मेळाव्यात कोणी 'थेट प्रवेश करून देतो, वरचे पैसे रोख द्या' म्हणाला, तर ती खोली तेवढ्यावर सोडावी. वरचे पैसे, म्हणजे कॅपिटेशन फी, घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्याच्या नावाने घेतले त्याची पावती कधीच मिळत नसते.

आपल्या तालुक्याला एक धोका वेगळा आहे. मध्य प्रदेशची हद्द जवळ, शिवाय कोट्याचे वेड. दहावी इथे करून बारावीचे नाव बाहेरच्या राज्यात घालणारी घरे मला माहीत आहेत. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, शिवाय अधिवासाचा दाखला. काही अपवाद आहेत, सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे. पण शेतकऱ्याचे पोर त्या अपवादात बसत नाही. अकरावीत घेतलेला निर्णय बारावीनंतर उलटा करता येत नाही. म्हणून परराज्यात नाव घालण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

आता कागदांचे. हे लिहिताना माझा जीव तळमळतो, कारण गुण असून कागदावाचून जागा गेलेली लेकरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. वैधता मिळते पडताळणी समितीकडून, आणि तिला वेळ लागतो. आपल्याकडच्या गोंड व इतर आदिवासी कुटुंबांचे प्रस्ताव नागपूरच्या अनुसूचित जमाती पडताळणी समितीपुढे जातात. इतरांसाठी जिल्हा समिती. तिथे जुना पुरावा मागतात : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुन्या बंदोबस्ताची नक्कल, हे कागद तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात. नाव एका ठिकाणी 'सोमा' आणि दुसरीकडे 'सोम्या' असले की पुन्हा प्रतिज्ञापत्र. पोर अकरावीत गेले की हे काम काढा, बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका. निकालानंतर यादी, प्राधान्यक्रम, फेऱ्या हे सगळे रोवणीच्याच दिवसांत येते. बाप चिखलात, आणि सेवा केंद्रावर रांग. उन्नत गटात न मोडल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला हेही उन्हाळ्यातच करून ठेवावेत, आणि त्यांच्या मुदतीची तारीख स्वतः वाचून घ्यावी.

मुलींच्या आयांसाठी एक गोष्ट ठळक सांगते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या गटांतील ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली. त्यात वैद्यकीय अभ्यासक्रमही येतात. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा; व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर माफी नाही. आमच्या शेजाऱ्याला हे ठाऊक नव्हते. मेळाव्यातल्या अकरा खोल्यांपैकी एकाही खोलीत कोणी त्याला सांगितले नाही, आणि ते का सांगतील?

परदेशाची वाट ज्यांना खरोखर पाहायची आहे त्यांच्यासाठी आता सविस्तर लिहिते, कारण जत्रा भरते ती मुख्यतः त्यासाठीच. परदेशी डॉक्टरकी शिकणे यात कमीपणा काही नाही. तिकडून शिकून आलेले चांगले डॉक्टर आपल्या भागात काम करताना दिसतात. पण 'एनएमसी मान्यताप्राप्त परदेशी कॉलेज' असे जे सांगतात ते तपासून पाहा. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, म्हणजेच एनएमसी, परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी ठेवतच नाही. २०२० साली जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी हा आयोग आला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने परदेशी पदवीसाठी नियम केले. त्या नियमांत आपले कॉलेज बसते की नाही हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. म्हणजे तुमची नि माझी. २०२५ साली आयोगाने बेलीझमधील तीन आणि उझबेकिस्तानातील एका संस्थेविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. अशा सूचना आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्या वाचून घ्याव्यात.

नियमाचा गाभा असा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली हवी. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी हवे. आणि त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकाप्रमाणेच, दवाखाना चालवण्याचा परवाना मिळाला पाहिजे. अर्धे शिक्षण एका देशात आणि उरलेले दुसऱ्या देशात, असे चालत नाही. पोरीने विचारलेला प्रश्न तो हाच होता : "तुमच्या इथे ५४ महिन्यांनंतरची १२ महिन्यांची इंटर्नशिप तुमच्याच रुग्णालयात होते का, आणि नंतर तुमच्या देशात परवाना मिळतो का?" दोन ओळींचा प्रश्न. ज्याला उत्तर द्यायचे असते त्याला नेटवर्क आडवे येत नाही.

परत आल्यावरही दोन पायऱ्या असतात. एक, परदेशी पदवीधरांची स्क्रीनिंग परीक्षा, ३०० गुणांची, त्यात १५० मिळायलाच हवेत. जून २०२४ च्या सत्रात पाच जणांमागे जेमतेम एक जण उत्तीर्ण झाला. दुसरी, भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप. तेव्हा 'सहा वर्षांत डॉक्टर' हे वाक्य ऐकले की बोटांवर मोजा : सहा तिकडे, परीक्षेच्या तयारीचे काही महिने किंवा वर्ष, एक वर्ष इंटर्नशिप. आठ वर्षे धरून चाला. या परीक्षेत कोणत्या देशाच्या, कोणत्या कॉलेजच्या किती मुलांनी यश मिळवले याचे तक्ते परीक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेले आहेत. मेळाव्यात कॉलेजचे नाव ऐकले की त्या तक्त्यात ते शोधा. एजंटने दाखवलेला तक्ता नव्हे, मंडळाचा.

इंग्रजी माध्यमाबद्दलही एक पोटप्रश्न विचारावा. वर्गात इंग्रजी असेल, पण वॉर्डातला रोगी कोणत्या भाषेत कण्हतो? रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान इथे खाटेवरचा माणूस इंग्रजी बोलत नाही. त्याची भाषा येत नसेल तर पोर रोग्याच्या पायाशी नुसते उभे राहते. म्हणून विचारा, तिथली भाषा कोणत्या वर्षापासून शिकवता, रुग्णालय कॉलेजचे स्वतःचे आहे का, त्यात खाटा किती, परदेशी मुलांना रोगी प्रत्यक्ष तपासायला देतात का.

आणि संकट आले तर काय, हेही विचारायचे. २०२० मध्ये चीनची दारे बंद झाली आणि आपली मुले दोन-अडीच वर्षे घरी बसून मोबाइलवर शिकली. पुढे त्यांना वाढीव इंटर्नशिप करावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, ऑपरेशन गंगामधून हजारो विद्यार्थी परत आले, आणि बहुतेकांचे शिक्षण अधांतरी राहिले. मे २०२४ मध्ये किरगिझस्तानच्या राजधानीत परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. घर विकून पाठवताना विमा, परतीचे भाडे आणि अडचणीत कोणाला फोन करायचा एवढे तरी वहीत लिहिलेले असावे.

पैशाची गोष्ट बायांना लवकर कळते असा माझा अनुभव आहे, म्हणून मायलाही खाटेजवळ बोलावून घ्यावे. फी बहुधा डॉलरमध्ये असते. समजा वर्षाला ४ हजार डॉलर सांगितले. डॉलर ८५ रुपये असेल तर ते ३ लाख ४० हजार झाले. डॉलर ९० झाला तर ३ लाख ६०. सहा वर्षांत हा फरक वाढतच जातो, आणि आपल्या कापसाचा भाव डॉलरसोबत वाढत नाही. पहिल्या वर्षाचा आकडा आणि सगळ्या वर्षांचा आकडा वेगवेगळा मागून घ्या. त्यात वसतिगृह, जेवण, व्हिसाचे नूतनीकरण, विमा, येण्या-जाण्याचे भाडे, परतल्यावरचा क्लास हे धरले आहे का ते विचारा. कॉलेजची फी कॉलेजच्या खात्यात बँकेमार्फतच जावी. एजन्सीची फी असेल तर ती वेगळी, पावतीवर. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट कोणाच्याही ऑफिसात 'दोन दिवसांसाठी' ठेवू नयेत. एका गावातल्या पोराचे कागद अशा एका ऑफिसात चार महिने अडकले होते. दुसरा अर्ज करायचा तर कागद नाहीत, आणि कागद मागितले तर आधी उरलेले पैसे द्या.

मेळावा चालू असताना काय करावे? खोल्या अकरा असल्या तरी आपण तीनच निवडाव्यात, आदल्या रात्री निवडाव्यात. बाकीच्यांत हिंडत बसले की सगळ्यांचे गोड बोलणे एकमेकांत मिसळून जाते. प्रश्न आधीच वहीत उतरून ठेवावेत आणि ते पोराने किंवा पोरीनेच विचारावेत; बापाने विचारले की समोरचा माणूस फीवर येतो. उत्तर आले की शब्द जसेच्या तसे टिपावेत, तारीख टाकावी, बोलणाऱ्याचे नाव लिहावे. जे तोंडी सांगितले ते ईमेलने लिहून पाठवा म्हणावे. तिथे शिकत असलेल्या मुलीशी बोलायचे आहे असे सांगावे, पण त्यांनी निवडून दिलेल्या एकीशी नव्हे. विदर्भातल्या सगळ्या मुलामुलींची नावे मागा आणि आपण निवडा. नावे नोंदवताना घरातला मुख्य फोन नंबर देऊ नका. त्या रविवारपासून शेजाऱ्याला रोज पाच-सहा फोन येत होते, एकदा तर भर रोवणीत, बांधावर. नेटवर्कचे म्हणाल तर आपल्याकडे पाऊस आला की ते जातेच, म्हणून दोन कंपन्यांचे सिम असलेला मोबाइल घ्यावा आणि तो आदल्या रात्री भरून ठेवावा.

आणि त्या दिवशी पैसे भरायचे नाहीत. एक रुपयाही नाही. 'दोनच जागा' असे म्हणणाऱ्याला सांगावे, आमच्याकडे पोळा झाल्यावर व्यवहार होतो. मी हे गंमत म्हणून सांगते आहे, पण आमच्या शेजाऱ्याने खरेच तसे सांगितले.

ऑनलाइन मेळाव्याइतकीच प्रत्यक्ष भेटही करावी. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेला एखादा डॉक्टर असतो, बहुधा बंधपत्राची सेवा करणारा. शासकीय कॉलेजातून शिकलेल्यांना ते एक वर्ष द्यावे लागते. दुपारची गर्दी ओसरली की त्याला दहा मिनिटे मागा. तो कोणत्या कॉलेजातून आला, किती प्रयत्नांत लागला, फी किती भरली, वसतिगृह कसे होते, हे तो खरे सांगेल. त्याला तुमच्याकडून काही मिळवायचे नसते. नागपूरला कामाने जाल तेव्हा मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात पोराला तासभर उभे करा. रक्त, वास, रांगा, रोग्यांच्या नातेवाइकांची रड पाहू द्या. मोबाइलच्या खोलीत इमारत दिसते, हे दिसत नाही. एका मुलाने तसे पाहून आल्यावर डॉक्टरकीचा नाद सोडला आणि आज तो सुखाने कृषी पदवीधर आहे. दुसरी एक परत आली ती जास्तच पेटून.

एमबीबीएसची यादी हुकली म्हणजे सगळे संपले असेही नाही. नीटच्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेश होतात. नागपूरला शासकीय आयुर्वेद आणि दंत महाविद्यालये आहेत. आणि शेतकऱ्याच्या घरात कोणी का विचारत नाही कोण जाणे, पण पशुवैद्यकाचा प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. गाय अडली की रात्री डॉक्टर शोधत मोटारसायकलवर दहा कोस फिरणारे आपण, आपल्या पोरीला त्या वाटेवर पाठवायचे मनात आणत नाही. त्याचे अर्ज वेगळे आणि तारखाही वेगळ्या असतात, तेव्हा नीटचा निकाल हाती आला की त्याही पाहून घ्याव्यात.

शेजारच्या पोरीचे काय झाले हे विचाराल. तिने त्या अकरांपैकी तीन कॉलेजांना ईमेल पाठवला, तेच प्रश्न इंग्रजीत लिहून. एकाचे छापील माहितीपत्रक आले, प्रश्नांची उत्तरे नव्हती. दुसऱ्याने लिहिले की इंटर्नशिप भारतात करता येईल, म्हणजे आपल्या नियमात ते बसत नाही हे त्यानेच लिहून दिले. तिसऱ्याचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. इकडे तिने राज्याच्या फेरीचा अर्ज भरला, आयुर्वेदाचा भरला आणि पशुवैद्यकाचाही. इतर मागास गटातले घर, उत्पन्न मर्यादेच्या आत, तेव्हा फेरीतून काही लागले तर फी माफीत बसेल. वैधता प्रमाणपत्र सुदैवाने मागच्याच वर्षी मोठ्या भावासोबत काढलेले होते. काहीच नाही लागले तर एक वर्ष पुन्हा नीट द्यायची असे तिचे म्हणणे आहे. बापाचे अजून ठरलेले नाही, माय पोरीच्या बाजूने आहे. कालव्याजवळच्या दोन एकरांत परवा रोवणी झाली.

पुढच्या खेपेला शैक्षणिक कर्जाचे पाहू. जमीन गहाण न ठेवता बँक किती देते, व्याज कधी सुरू होते, आणि जामीनदार कोण चालतो. ज्या वाचकांनी गेल्या एक-दोन वर्षांत मुलांसाठी असे कर्ज काढले असेल त्यांनी आपला अनुभव दोन ओळींत का होईना, या पानाच्या पत्त्यावर कळवावा. नाव छापणार नाही.